तिसऱ्या पायरीवरचा रुमाल

हे खरं आहे.

एकतीस वर्षं मी एका साप्ताहिकात थट्टेचं सदर लिहिलं. त्यातला एकही शब्द खरा नसायचा आणि लोक शपथेवर खरा मानायचे. आता म्हातारपणी पहिल्यांदाच खरं लिहितोय, तर तुम्ही हसणार. हसा. तुमच्या जागी मीही हसलो असतो.

भुताखेतांच्या गोष्टी रात्री बारानंतर घडाव्यात असा दंडक आहे. ही रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी घडली. लख्ख उजेडात. पंखा फिरत होता. आत गॅसवर चहाचं आधण होतं. जागा म्हणाल, तर माझ्या थोरल्या भावाच्या घरातली पुढची खोली. समोर टीव्ही, टीव्हीसमोर चाकाची खुर्ची.

खुर्चीत दादा.

दादाने चाळीस वर्षं नगरपालिकेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवली. उद्घाटनं, संचलनं, पुढाऱ्यांचं येणं, पुढाऱ्यांचं जाणं. वाजवायचा झकास. फक्त एका संचलनगीतात, दुसऱ्या वळणावर, वरच्या सुराला त्याच्या क्लॅरिनेटमधून एक चिरका आवाज निघायचा.

पीं...

चाळीस वर्षं. त्याच जागी. बँडमास्तर तीन बदलले, पीं काही बदललं नाही.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण एकेक शब्द जिना चढून आल्यासारखा यायचा. वहिनी त्याला भरवायच्या, उठवायच्या, बसवायच्या. मी दोन घरं पलीकडे राहतो. बायको गेल्यापासून एकटाच. रोज दुपारी जायचो, चहा प्यायचो आणि उपयोगाचं काहीही न करता परत यायचो.

त्यांची एकुलती एक मुलगी परदेशात नोकरीला. आम्ही तिला चिमणी म्हणायचो. दादाचं मन रमावं म्हणून तिने टीव्हीला एक डबा जोडून दिला होता. जगभरच्या प्रसिद्ध गाण्याबजावण्याच्या जागांवर कॅमेरे लावलेले असतात म्हणे. दिवसभर चालू. तळ्याकाठचा एक वादनमंच दिसायचा. एका गायिकेचा पुतळा दिसायचा. येणारेजाणारे नाकाला हात लावून जातात, त्यामुळे बाई सगळी काळी आणि नाक तेवढं सोन्याचं.

पण दादाचा जीव एकाच जागेवर. एक जुनं संगीतगृह. समोर अकरा दगडी पायऱ्या, खाली चौक. वर्षातून एकदा त्या चौकात दहा दिवसांचा संगीतमहोत्सव. लोक पायऱ्यांवर दाटीवाटीने बसून ऐकतात. आपल्याकडे दुपार असते तेव्हा तिथे संध्याकाळ.

"एकदा... त्या पायऱ्यांवर... बसायचंय," दादा म्हणायचा. बँडमध्ये होता तेव्हापासून म्हणायचा.

त्या कॅमेऱ्याला आवाज नव्हता. मुका. दादाचं त्यावाचून अडायचं नाही. वादकांचे खांदे बघून तो सूर ओळखायचा. "हा... चुकला," म्हणायचा आणि अर्ध्या तोंडाने हसायचा. दुसऱ्याची चूक पकडली की त्याला फार बरं वाटायचं. 

आता माझा पराक्रम सांगतो.

सामना बघताना तुमच्या घरी अजून चेंडू पडायचा असतो आणि शेजारी आधीच ओरडतात, हा अनुभव घेतलाय ना? तसंच. टीव्हीवरचं चित्र डब्यातून फिरून उशिरा यायचं. माझ्या फोनवर तेच चित्र आधी दिसायचं. घड्याळ लावून मोजलं.

चाळीस सेकंद.

मग काय, माकडाच्या हाती कोलीत. महोत्सवाच्या दुसऱ्याच दिवशी मी चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेलो, फोन बघितला, बाहेर आलो आणि डोळे मिटले.

"दादा, थांब. मला काहीतरी दिसतंय. लाल टोपीवाली बाई येणार. तिच्या हातातलं आईस्क्रीम पडणार."

"काहीतरीच..."

लाल टोपी आली. आईस्क्रीम पडलं.

दादा इतका हसला की वहिनींना बाहेर येऊन त्याचं तोंड पुसावं लागलं. मग मी रोज भविष्य सांगू लागलो. कुत्रा येईल. म्हातारा टाळ्या वाजवत उभा राहील. ढोलवाल्याच्या हातातली काठी उडेल.

पाचव्या दिवशी दादा हसायचा थांबला.

"धाकट्या... माझं बघ."

"तुझं काय बघू?"

"मी... दिसतो का? तिथे?"

इथे माणसाने खरं सांगावं. खिशातून फोन काढावा, कान पकडावेत, दोन शिव्या खाव्यात. पण समोरचा विश्वास ठेवतोय म्हटल्यावर माझ्यातला सदरलेखक सुटला. मी कपाळाला बोटं लावली.

"दिसतोस की! रविवारी, शेवटच्या दिवशी. गणवेशात. खालून तिसरी पायरी, डावीकडे, खांबाजवळ."

"कसा... गेलो?"

"चालत. स्वतःच्या पायांनी."

दादाने पडद्यावर ती पायरी शोधली.

"आणि तू?"

"मी येतो मागून. माझे गुडघे माहितीयत ना तुला. माझी जागा धर."

"रुमाल... टाकतो," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो व्यायामाला नाही म्हणेना. उजव्या हाताचं एक बोट हललं. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, चला, खोटं बोलून का होईना, पुण्य पदरात पडलं.

रविवारी तीन वाजता गेलो तेव्हा दादा बँडच्या गणवेशात बसला होता. निळा कोट, पितळी बटणं, चकचकीत बूट. वरच्या खिशात पांढरा रुमाल. क्लॅरिनेटचं तोंड पुसायला बँडवाले ठेवायचे तसा मोठा. सगळ्यांचे कपडे एकत्र धुवायला जायचे, म्हणून वहिनींनी त्याच्या प्रत्येक रुमालाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने त्याचा नंबर शिवलेला असायचा. सतरा. आता असा एकच उरला होता.

वहिनींनी मला खुणेने आत बोलावलं.

"भावजी, हे आज जाणार म्हणतायत. सकाळपासून माझा निरोप घेतायत. काय भरवलंत तुम्ही त्यांच्या डोक्यात?"

मी सांगितलं. सगळं. चाळीस सेकंदांसकट.

वहिनी ओरडल्या नाहीत. गॅस बारीक केला.

"एकतीस वर्षं तुमचं सदर वाचलं मी. घरचं माणूस म्हणून. एकदाही हसू आलं नाही. जा आता. तुम्हीच सांगा त्यांना. नाहीतर मी सांगते."

बाहेर गेलो. टीव्हीवर पायऱ्या गच्च भरल्या होत्या. तिसऱ्या पायरीवर, डावीकडे, खांबाजवळ मात्र...

मोकळी जागा होती. दोन माणसांपुरती.

"दादा, मी थट्टा केली रे. मला काही दिसत नाही. फोनवर ते आधी येतं, एवढंच."

 दादाच्या चेहऱ्याची चांगली बाजूसुद्धा हळूहळू दुसरीसारखी झाली. मी पुष्कळांची टोपी उडवली आहे. असा चेहरा कुणाचा झालेला बघितला नव्हता.

मग त्याने डावा हात पुढे केला.

"फोन... दाखव."

दिला.

"हे... आधीचं?"

"हो. चाळीस सेकंद."

त्याने फोन डोळ्यांजवळ नेला. आणि हसला... पूर्ण तोंडाने.

"लबाडा. बसलोय की मी."

"दादा, नाहीयेस तू तिथे."

"बसलोय."

भावाभावांत वाद झाला की सिद्ध करून दाखवायची खोड असते. मी फोनमध्ये डोकावलो नाही. टीव्हीकडे बोट केलं. "थांब. चाळीस सेकंद थांब. इथे येतोस का बघू."

मोजलं. मोठ्याने. एक, दोन, तीन...

माझी नजर पडद्यावर. मागे पंखा कुरकुरत होता. तिसाव्या सेकंदाला खुर्चीचं चाक एकदा वाजलं. मी वळलो नाही.

अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

पायरीवर कुणी आलं नाही.

"बघ! आहेस का?" मी वळलो. तोंडावर हसू होतं माझ्या. जिंकल्याचं.

दादाचे डोळे उघडे होते. मान कलली होती.

डॉक्टरांनी हृदय सांगितलं. चार वाजून दहा मिनिटं. आधी हाक मारली असती तर काही करता आलं असतं का, असं वहिनींनी विचारलं. "एखाद्या मिनिटाचासुद्धा फरक पडतो कधीकधी," डॉक्टर म्हणाले. वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

गणवेश उतरवताना त्यांनी वरचा खिसा चाचपला. मग खुर्ची, उशा, चाकांखाली.

रुमाल नव्हता.

फोन खुर्चीतच पडून होता. चित्र चालूच होतं. मी उचलला...

तिसऱ्या पायरीवर निळा कोट. पितळी बटणं. दादा आरामात बसला होता. शेजारची जागा हाताने झटकत होता. उजव्या हाताने.

मग त्याने तिथे रुमाल टाकला.

मी कुणाला सांगितलं नाही. चिमणी आली, रडली, आठ दिवसांनी परत गेली. तिच्यासमोर वहिनींनी मला एवढंच बजावलं, "यापुढे पडद्यातलं काही सांगायचं नाही. कधीच." मी मान हलवली. टीव्ही बंद झाला.

घरी मात्र रोज फोन बघायचो. महोत्सव संपला, मंडप निघाले, प्रवासी येत-जात राहिले. दादा तिथेच. शेजारी पांढरा चौकोन. अख्ख्या पायऱ्यांवर माणूस मावेना झाला, तरी त्या दोन जागांवर कुणी टेकत नव्हतं. वळसा घालून जायचे. आपण वळसा का घालतोय हे त्यांना कळत नसावं.

कधीकधी दादा मान वर करून कॅमेऱ्याकडे बघायचा. वाट बघणारा माणूस घड्याळ बघतो तसा.

दोन महिने गेले.

एका रविवारी दुपारी वहिनींनी बोलावून घेतलं. चेहरा उजळलेला. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच.

"चिमणी तिथे गेलीय. त्या पायऱ्यांवर. म्हणाली, बाबांचं राहिलं ते मी करते. टीव्ही तेवढा लावून द्या, मला काही त्यातलं कळत नाही."

 टीव्ही लावला. तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर चालू केला. मी माझ्या फोनवर ते चित्र उघडलं.

"आई, पोचले! लावलंस का?"

"लावलं गं. कुठेयस? दिसत नाहीस."

"उशिरा दिसतं ते. काकांना विचार, त्यांचा अभ्यास आहे." टोमणा आईच्या वळणाचा. "किती गर्दी आहे बाई... हां, एक जागा आहे. तिसऱ्या पायरीवर. कुणीतरी रुमाल टाकून ठेवलाय."

माझ्या फोनवर चिमणी दिसत होती. खांद्याला पिशवी, कानाला फोन. तिच्यासमोर दादा. तो तिच्याकडे बघत होता.

हसत नव्हता.

त्याने उजवा हात रुमालावर ठेवला. झाकून. आणि मान हलवली... नाही. नाही.

तिला तो दिसत नव्हता.

"बसू नकोस!" मी ओरडलो. "चिमणे, लांब हो तिथून!"

वहिनींनी माझा दंड धरला. नखं रुतली.

पलीकडून चिमणी थकल्यासारखं हसली. "पुरे हं काका. बाबांना हसवलंत तेवढं खूप झालं."

आणि ती बसली.

"आई, या रुमालावर काहीतरी शिवलंय बघ... लाल दोऱ्याने... आई?"

"काय गं?"

"सतरा लिहिलंय."

 मी माझ्या फोनकडे बघितलं. पायरीवर ती आणि दादा शेजारी शेजारी. दादाने तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं होतं.

मग वहिनींच्या फोनमधून आवाज आला. ज्या चौकाचा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता, तिथला. दूर कुठेतरी क्लॅरिनेट. संचलनगीत. पहिलं वळण... दुसरं वळण...

पीं.

"बाबा?" चिमणी म्हणाली.

त्यानंतर टाळ्या. खूप माणसांच्या. मग काहीच नाही.

"आता येईल टीव्हीवर," वहिनी पडद्याला चिकटून उभ्या होत्या. "चाळीस म्हणालात ना? आता येईल. आता येईलच."

चाळीस झाले. पन्नास झाले. तिसरी पायरी मोकळी होती.

तिथल्या पोलिसांनी पुष्कळ शोधलं, असं त्यांनी कळवलं. चिमणी त्या शहरात रेल्वेतून उतरली, याची नोंद आहे. चौकात आली याची नाही. कॅमेऱ्याच्या चित्रात त्या संध्याकाळी तिसऱ्या पायरीवर कुणी बसलंच नव्हतं. तिचा फोन मात्र तिथे सापडला. त्यांनी टपालाने पाठवला, जसा मिळाला तसा.

रुमालात गुंडाळलेला.

वहिनींनी तो रुमाल धुतला, घडी केली आणि कपाटात दादाच्या कोटाच्या खिशात ठेवला. कपाटाला कुलूप लावलं. मी समोर होतो.

आता त्या दिवसभर टीव्हीसमोर बसतात. दादाच्याच खुर्चीत. त्यांना एकटं ठेवायचं नाही म्हणून मी त्यांच्याकडेच राहायला आलोय. लोक म्हणतात, दीर असावा तर असा.

रोज दुपारी त्या एकच विचारतात.

"भावजी, तुमच्या फोनवर दिसते का हो?"

"नाही वहिनी."

दिसते. रोज दिसते. दादाच्या खांद्यावर डोकं ठेवून बसलेली असते. केस वाऱ्याने उडत नाहीत, बाकीच्यांचे उडतात.

गेल्या मंगळवारी मी बघितलं, तर तिच्या पलीकडे, पायरीच्या टोकाला...

पांढरा चौकोन.

किल्ली घेतली. कपाट उघडलं. कोट होता, बटणं होती, खिसा रिकामा.

तेव्हापासून फोन बघणं बंद केलं. बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला. म्हातारा माणूस, दुसरं काय सुचणार?

आज सकाळी इस्त्रीच्या वासाने जाग आली. वहिनी त्यांचे ठेवणीतले कपडे इस्त्री करत होत्या. शेजारी पुसून ठेवलेल्या चपला. टेबलावर माझा फोन. त्याच्या कडांना तांदूळ चिकटलेले.

"दोघं छान दिसतात," वहिनी म्हणाल्या. इस्त्री थांबली नाही. "तुम्ही रोज नाही म्हणायचात."

मी फोनला चिकटलेला एक तांदूळ काढला.

"आणि तो रुमाल? तो कुणासाठी टाकलाय हो?"

मला माहीत होतं. दादा कुणाची जागा धरून बसलाय, कुणी धरायला सांगितली होती, त्या जागेवर चिमणी चुकून कशी बसली, सगळं माहीत होतं. वहिनी इस्त्री उभी करून माझ्याकडे बघत होत्या. 

"तुमच्यासाठी, वहिनी," मी म्हणालो.

त्या हसल्या.

एकतीस वर्षांत माझ्या बोलण्याला पहिल्यांदाच.

वहिनींनी जायला रविवार धरलाय. तो परवा आहे. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहितोय. वहिनी पुढच्या खोलीत आहेत. पंधरा पावलांवर. काहीतरी गुणगुणतायत. संचलनगीत असावं. दुसऱ्या वळणाशी आल्या की थांबतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

अजून उठून खरं सांगता येईल. त्याला चाळीस सेकंदसुद्धा लागणार नाहीत.

मी मोजून बघितलं.